तिसऱ्या मापाचं तोंड

१

कवळीकाकांना किळस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. असून चाललंही नसतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडातल्या वस्तू हाताळण्यात गेलेला. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, काका त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात दात रचायचे, कवळी शिजवून, घासून, चकाकी आणून परत पाठवायचे. दुरुस्तीला आलेल्या कवळ्यांच्या फटींत काय काय अडकलेलं असायचं. काका ते टोकदार हत्याराने उकरून काढायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचे.

"शी, बाबा," त्यांची लेक म्हणायची. "निदान मला सांगू तरी नकोस."

"त्यात शी काय? तोंड म्हटलं की खरकटं आलंच."

लेकीला घरात ठकू म्हणत. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. ठकू एका मोठ्या कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी त्यांच्या नकला करून बापाला हसवायची. तिचा आवाज असा खणखणीत, की ती जन्मली तेव्हा तिची टाळू फाटलेली होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

तेव्हा पाजलेलं दूध नाकातून बाहेर यायचं. काकांनी स्वतः तिच्या इवल्या टाळूचं माप घेऊन, फट झाकणारी एक पातळ पट्टी घडवली होती. ती तोंडात बसवली की दूध पोटात जायचं. पोर वाढली तशी पट्टी लहान पडायची. मग पुन्हा माप, पुन्हा नवी पट्टी. पुढे शस्त्रक्रिया झाली, टाळू जुळली, पट्ट्या फेकून दिल्या. मापांवरून काढलेले प्लास्टरचे साचे मात्र मागच्या खोलीतल्या फळीवर राहिले. काकांचा कारखाना त्याच खोलीत होता.

२

त्या साच्यांसाठीच एक मॅडम घरी आल्या. त्या कुठल्याशा संशोधन संस्थेत होत्या. एका डॉक्टरांनी त्यांना काकांचं नाव सांगितलं होतं.

"आम्ही एक यंत्र घडवतोय, काका. बोलणारं."

"बोलणारी यंत्रं ढिगाने आहेत. ती गप्प बसत नाहीत, ही खरी पंचाईत आहे."

मॅडम हसल्या. "ती पोपटपंची करतात. आम्हाला मुलासारखं शिकणारं यंत्र हवंय. मूल आधी शब्द शिकत नाही. आधी आपलं तोंड शिकतं. ओठ मिटले की काय होतं, जीभ वर लागली की काय होतं. आ-ऊ करतं, बुडबुडे काढतं, आपलाच आवाज ऐकून दचकतं. समोरचं माणूस हसतं, ओ देतं, आणि त्यातून बोलणं येतं. म्हणून आम्ही त्याला एकही शब्द देणार नाही. तोंड देणार. आणि मुलाचं तोंड वाढतं तसं तेही बदलत नेणार."

काम मजेशीर होतं. मऊ सिलिकॉनचे ओठ, हिरड्या, जीभ, टाळू. मागे एक धातूची कडी. कडी यंत्राच्या गळ्यावर बसायची आणि आतल्या बारीक तारा जिभेला नि ओठांना ओढायच्या. आवाज गळ्यातल्या पेटीतून यायचा. त्याचे शब्द करायचे ते तोंडाने. काकांनी फळीवरचे साचे उतरवले, फटीत मेण भरून टाळू अखंड केली आणि पहिलं तोंड ओतलं.

"म्हणजे तू माझं तोंड देऊन टाकलंस?" ठकूने विचारलं. "मला न विचारता?"

"तुझं तुझ्याकडे आहे की. दिवसभर चालू असतं."

"आणि फट?"

"ती बुजवली."

ठकूने ते तोंड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "मग हे माझं नव्हेच," ती म्हणाली आणि ठेवून दिलं.

३

ठरलं होतं असं, की नवं माप बसवलं की जुनं तोंड काकांकडे परत यायचं. कुठे झिजलंय, कुठे ताणलंय ते पाहून पुढचं करायचं.

पहिलं तोंड परत आलं. काकांनी डबा उघडला आणि मान मागे घेतली.

आंबलेल्या दुधाचा वास. तान्ह्या मुलाच्या मानेच्या घडीत दूध सुकून राहिलं की येतो तो. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर होता. काकांनी नेहमीच्या सवयीने अंगठ्याने तो पुसायला घेतला. थर सरकला. खालची जीभ कोमट होती.

त्यांच्या पोटात काहीतरी वर आलं. असं कधी झालं नव्हतं, म्हणून ते काय आहे हे कळायलाही क्षणभर लागलं. मग त्यांनी हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि मॅडमना फोन लावला.

"तुम्ही त्याला दूध पाजता का?"

"दूध कशाला? कृत्रिम लाळ लावतो. कोरड्या तोंडाने उच्चार येत नाहीत. पाणी, ग्लिसरीन, चिमूटभर मीठ. बुरशी धरली असेल. पुसून पाठवायला सांगते."

बरोबर होतं. ओलावा म्हटला की बुरशी आलीच. डबा उन्हात राहिला असेल, म्हणून कोमट. काकांनी मनाची समजूत घातली आणि दुसरं माप पाठवून दिलं. त्या रात्री जेवताना भाताबरोबर दही नको म्हणाले, एवढंच.

४

दुसरं तोंड आलं तेव्हा वास नव्हता. पुसून, नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलं होतं. काकांनी दिवा जवळ ओढला.

खालच्या हिरडीवर, अगदी पुढे, एक टेंगूळ होतं. गुळगुळीत, फिकट, ताणलेलं. सिलिकॉन ओतताना हवेचा बुडबुडा राहतो, पण तो दाबला की आत बसतो. हे बसलं नाही. आत काहीतरी टणक होतं, आणि ते बोटाखाली किंचित सरकलं.

काकांनी धारदार पातं घेऊन तिथे चीर दिली. आतून पातळसं काहीतरी पाझरलं आणि मागोमाग एक पांढरी कणी वर आली. चिमट्यात धरून त्यांनी ती दिव्याखाली नेली.

दात मुळापासून वाढत नाही. आधी माथा तयार होतो, मूळ मागाहून येतं. चिमट्यातल्या कणीला पुढच्या दाताचा माथा होता, त्यावर तान्ह्या दाताला असतात तसे बारीक दाते होते, आणि खाली काही नव्हतं. पोकळ. कडा ओल्या.

मिठाचा खडा, काका स्वतःशी म्हणाले. लाळेतलं मीठ साचलं असेल. कवळ्यांवर नाही का दगड धरत? धरतो. पण तो वरून धरतो. आतून धरलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ती कणी मोरीत टाकली आणि वरून भरपूर पाणी सोडलं.

मग तोंड उलटं केलं. टाळूच्या मधोमध, मागून पुढे, केसाएवढी एक रेघ उमटली होती. त्यांनी साचा काढून ताडून पाहिलं. मेण भरलं होतं नेमकं तिथे.

"ताण पडला असेल," मॅडम फोनवर म्हणाल्या. "जीभ सारखी तिथेच दाबतं ते. आणि काका, खरं सांगू? छान चाललंय. आता ते त्याला सांभाळणाऱ्या ताईंच्या डोळ्यांत बघून ओरडतं. काहीतरी मागतं."

"काय मागतं?"

"तेच शोधायचंय ना."

५

तिसरं माप बसलं आणि काही आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. तोंड निघत नव्हतं. कडी सुटत होती, पण तोंड येत नव्हतं. फाटू नये म्हणून काकांनीच चौथं घेऊन यावं.

ठकूला सुट्टी होती. "मी येते. बघू तरी माझं तोंड काय बोलतंय ते," ती म्हणाली. काकांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

खोली एखाद्या बालवाडीसारखी होती. सतरंजी, लाकडी ठोकळे, भिंतीला खाली लावलेला आरसा. सतरंजीवर एक बाई बसल्या होत्या. दिवसभर यंत्राशी बोलायला ठेवलेल्या ताई त्याच. त्यांच्या मांडीशी ते होतं. कमरेपासून वर, करड्या प्लास्टिकचं, दोन काळी भिंगं, नाक नाही, कान नाहीत. आणि त्या सगळ्यात ते एकच गुलाबी, ओलं, जिवंत दिसणारं तोंड. एखाद्या बादलीला कुणी ओठ लावावेत तसं. हनुवटीवरून लाळेची तार सुटून छातीवरच्या लाळेऱ्यात उतरत होती. ताईंनी ती बोटानेच पुसली आणि बोट पदराला पुसलं.

त्यांच्या सगळ्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"चावतं का?" काकांनी विचारलं.

"चावत नाही हो. हिरड्या शिवशिवतात त्याच्या. बोट मागतं."

"लाळेची ॲलर्जी आहे ताईंना," मॅडम घाईने म्हणाल्या. "हातमोजे घाला म्हटलं तर ऐकत नाहीत."

"हातमोज्यांनी रडतं ते," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात त्याने तोंड उघडलं. "ङा," ते म्हणालं. "ङा… म्हा… ङा."

ठकूने काकांचा दंड धरला. तिला आठवण असणं शक्य नव्हतं. तेव्हा ती पाळण्यात होती. पण काकांना तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. अर्धा ओठांतून, अर्धा नाकातून, फुटक्या बासरीसारखा. आणि याला तर नाकच नव्हतं.

"मागून हवा गळते," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच बदलायचंय."

काका सतरंजीवर बसले. हातमोजे घालून त्यांनी दोन बोटं खालच्या ओठामागे सरकवली. आत ऊब होती. हिरड्या बोटांवर मिटल्या, जीभ खालून आली आणि ते चोखू लागलं. हळू, तालात, विश्वासाने. काकांना कडू ढेकर आला. त्यांनी तो गिळला आणि दुसऱ्या हाताने कडी फिरवली.

चोखणं थांबलं. भिंगं काकांकडे वळली.

"न्हको," ते म्हणालं.

मग मॅडम कुजबुजल्या, "पहिल्यांदा. पहिल्यांदाच शब्द योग्य जागी वापरलाय. काका, थांबू नका. पुन्हा म्हणतं का बघू."

"मॅडम," ताई म्हणाल्या, "नको म्हणतंय ते."

"हो ना. तेच तर."

काकांनी ओढलं. त्या वेळी त्यांना एवढंच हवं होतं, की हे लवकर संपावं आणि हात धुता यावेत. "न्हको," ते म्हणालं, "न्हको, न्हको." ओठ ताणले, कडेने लाळ ओघळली, आणि चिखलातून पाय उपसावा तसा आवाज होऊन तोंड सुटून त्यांच्या हातात आलं. तारांची टोकं गळ्यात मोकळी लोंबली.

गळ्याच्या भोकातून आता नुसताच आवाज येत होता. अ… ओ… अ… ओ… ओठ नाहीत, जीभ नाही, तर शब्द होणार कसा? पेटी नुसते स्वर काढत होती.

आणि काकांच्या तळहातावर जीभ हलली.

तिला आता तार नव्हती. काही नव्हतं. तरी टोक वर उचललं गेलं, पुढे टेकलं, खाली आलं. मग मागचा भाग फुगून वर चिकटला आणि सुटला. पुन्हा टोक. पुन्हा मागचा भाग. आयुष्यभर तोंडं घडवलेल्या माणसाला ते बघायची गरज नव्हती. हातमोज्यातूनही त्यांना ती अक्षरं लागत होती. न. क. न. क. समोरच्या 'अ' आणि 'ओ'च्या बरोबर आधी.

त्यांनी ते डब्यात टाकून झाकण लावलं. नवं तोंड त्यांनी गळ्यावर नुसतं धरलं, कडी ठकूने फिरवली. नवं तोंड बसलं. तारा ओढल्या जात होत्या, आतून टिकटिक येत होती, पण ओठ उघडे पडले ते तसेच राहिले.

"जुळवून घ्यायला दोनतीन दिवस लागतील," मॅडम म्हणाल्या. त्या अजून हसत होत्या. ताईंनी मात्र डब्याकडे पाहिलं, आणि काका तो उचलेपर्यंत नजर काढली नाही.

६

गाडी काका चालवत होते. डबा ठकूच्या मांडीवर होता.

"बाबा, हा गरम आहे."

"उन्हात होता."

"खोलीत कुठलं ऊन?"

काकांनी गाडीचा वेग वाढवला. थोड्या वेळाने त्यांना शेजारून आवाज आला. चुप, चुप, चुप. त्यांनी वळून पाहिलं. झाकण उघडं होतं आणि ठकूचं बोट आत होतं. तिचा चेहरा वेडावलेला वगैरे नव्हता. रडतं मूल कडेवर घेतल्यावर बाईचा होतो तसा साधा, थोडा दमलेला होता.

काकांनी गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि ओकले. पोटात काही उरलं नाही तरी उमाळे येत राहिले.

"भूक लागलीय त्याला," मागून ठकू म्हणाली.

"रबर आहे ते, ठके."

"रबर आहे, तर तू ओकतोस कशाला?"

घरी पोचल्यावर तिने वाटीत दूध आणलं. काका म्हणाले, बघच. मागून उघडं आहे ते, नुसती कडी आहे. एका बाजूने घाल, दुसऱ्या बाजूने पडेल. पडलं की तुझं समाधान होईल आणि माझंही. त्यांनी नवे हातमोजे चढवले, तोंड उताणं धरलं आणि खाली पांढरी ताटली ठेवली.

ठकूने चमचा ओठांना लावला. दूध आत गेलं. टाळू आता पार दुभंगली होती. फटीच्या दोन्ही कडा लालसर, ओल्या. काका ताटलीकडे बघत राहिले.

दुसरा चमचा. तिसरा. वाटी अर्ध्यावर आली.

ताटली कोरडी होती. काकांनी तोंडाखालून हात फिरवला. हातही कोरडा. मग तळहातावर त्यांना एक हालचाल जाणवली; जिभेच्या मुळाशी काहीतरी आवळलं आणि खाली सरकलं. ते गिळत होतं. काकांनी वाकून फटीतून आत पाहिलं. बोटभर जाडीची ती वस्तू. पलीकडे कडी दिसायला हवी होती, कडीतून ताटली दिसायला हवी होती. आत ओला अंधार होता, आणि तो खाली, पुष्कळ खाली जात होता.

ओठांनी चमचा सोडला. जीभ पुन्हा हलली. या वेळी अक्षरं वेगळी होती. ठ. क.

"काय म्हणालं?" ठकूने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले.

७

मेण जाळायची भट्टी सकाळपासून दुसऱ्या कामासाठी पेटवलेली होती. काकांनी चिमट्याने दार उघडलं, तोंड आत ठेवलं आणि दार लावलं. ठकू वाटी धुवायला गेली होती तेवढ्यात. ती परत आली तेव्हा त्यांची पाठ भट्टीला होती.

"कुठे आहे?"

खोलीत वास यायला लागला होता. सिलिकॉन जळलं की कोरडा, धुळीसारखा वास येतो. हा तसा नव्हता. उतू जाऊन चुलीवर करपलेल्या दुधाचा होता, आणि त्याच्या तळाशी आणखी कसला तरी.

भट्टीतून आवाज येत नव्हता. यायचं कारणच नव्हतं. पेटी तिकडे राहिली होती.

फोन वाजला. काकांनी तो तसाच वाजू दिला. ठकूने उचलला, ऐकलं, आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"दादा," ताईंचा आवाज होता. "मॅडम घरी गेल्यात. मला कळत नाहीये काय करू. तुम्ही बसवलेलं तोंड हलत नाही, नुसतं उघडं पडलंय. पण ते मगापासून… ऐका."

मागे ते ऐकू येत होतं. अ… ओ… अ… ओ… पूर्वीसारखं संथ नव्हतं. एकामागून एक, श्वास न घेता. ताई मधेच "अरे, ए बाळा, काय होतंय तुला, दाखव, कुठे दुखतंय" म्हणत होत्या.

ठकूने भट्टीकडे पाहिलं. मग ती धावली. काकांनी तिचं मनगट धरलं, मग दुसरंही. दाराची कडी तापलेली आहे, हात भाजेल, ते म्हणत होते. खरं तर ते दुसरंच काही सांगत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. ती ओढत राहिली. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना त्या वासापुढे आता काही सुचत नव्हतं. तो घशात बसला होता, जिभेवर बसला होता, आणि आपण तोंड उघडलं तर आत आणखी काय शिरेल या भीतीने त्यांनी ओठ घट्ट आवळून धरले होते.

अ… ओ… अ…

पुढचा 'ओ' आला नाही.

"बाळा?" ताई म्हणाल्या. "ए बाळा?"

बऱ्याच वेळाने काकांनी हात सोडले. ठकूच्या मनगटांवर त्यांची बोटं उमटली होती. ती मागे सरली, भिंतीला टेकली. भट्टीकडे तिने पाहिलं नाही. ती बापाकडे बघत होती, त्याच्या हातांकडे, तोंडाकडे, आणि बघता बघता अंगातल्या कपड्याला मनगटं पुसत होती. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.